साठीनंतरची गोळी, पेग आणि मिश्री: धोका कसा ओळखायचा?

सत्तरी ओलांडलेला माणूस रात्री बाथरूमला जाताना पडतो. खुब्याचं हाड मोडतं, ऑपरेशन होतं आणि नीट पारही पडतं. घरचे निर्धास्त होतात. तिसऱ्या रात्री आबा बरळू लागतात. हात थरथरतात, घाम सुटतो, भिंतीवर मुंग्या चालताना दिसतात, सलाइनची नळी उपटून ते घरी निघतात. कुणाला वाटतं भूल चढली, कुणाला वाटतं वयामुळे डोक्यावर परिणाम झाला. अशा भ्रमामागे जंतुसंसर्ग असू शकतो, रक्तातलं सोडियम घसरलेलं असू शकतं, आणखीही बरंच काही असू शकतं. पण एक कारण हमखास नजरेतून सुटतं. आबा तीस वर्षं रोज जेवणाआधी थोडी घेत होते आणि गेले तीन दिवस त्यांना ती मिळालेली नाही. आबांच्या जागी आजी असतील, तर बरीच वर्षं रोज घेतलेली झोपेची गोळी गडबडीत घरीच राहिलेली असते.

दाखल करताना मधुमेह विचारला, रक्तदाब विचारला, ॲलर्जी विचारली. हे मात्र कुणी विचारलं नाही. डॉक्टरांनी विचारलं नाही, कारण समोरचा माणूस सभ्य, निवृत्त, पांढऱ्या केसांचा होता. घरच्यांनी सांगितलं नाही, कारण त्यांच्या लेखी ते व्यसन नव्हतंच.

उतारवयातल्या व्यसनाची सगळी अडचण इथून सुरू होते. ‘बाबा व्यसनी आहेत का?’ हा प्रश्न घरात कुणाच्या तोंडून निघत नाही, आणि निघाला तरी त्याचं उत्तर ‘नाही’ असंच येतं. म्हणून प्रश्नच बदलायला हवा. बाबांच्या पोटात रोज जे जातं, त्यात दारू, तंबाखू, झोपेच्या आणि दुखण्याच्या गोळ्या सगळं आलं, ते त्यांच्या आजच्या शरीरात, आजच्या आजारांसोबत, आजच्या एकटेपणात काय करतंय? धोका मोजणं म्हणजे याचं उत्तर काढणं. बाबांना व्यसनी म्हणायचं की नाही, हा वाद बाजूला ठेवून ते काढता येतं.

नेहमीच्या खुणा इथे दिसत नाहीत

व्यसनी माणसाचं जे चित्र आपल्या मनात असतं ते तरुण किंवा मध्यमवयीन पुरुषाचं असतं. कामाला दांड्या मारतो, गाडी ठोकतो, पगार उडवतो, घरात भांडतो, पोलीस ठाण्याची वारी होते. डॉक्टर ज्या निकषांवर निदान करतात त्यांवरही या चित्राची छाया आहे. मनोविकारांच्या वर्गीकरणासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी नियमावलीत व्यसनविकाराचे ११ निकष आहेत आणि वर्षभरात त्यांतले २ जरी आढळले तरी निदान होऊ शकतं. त्यात कामावरच्या जबाबदाऱ्या न पाळणं आहे, नशा चढायला पूर्वीपेक्षा जास्त मात्रा लागणं आहे. निवृत्त माणसाला दांडी मारायला कामच नसतं. गाडी मुलगा चालवतो. आणि मात्रा वाढण्याचं म्हणाल तर वृद्धापकाळात नेमकं उलटं होतं: तेवढ्याच मात्रेत, किंवा कमी मात्रेतही, जास्त चढते.

याची कारणं शरीरात आहेत. वय वाढतं तसं अंगातलं पाण्याचं प्रमाण घटतं आणि चरबीचं वाढतं. दारू पाण्यात विरघळते. त्यामुळे पन्नाशीत घेतलेला पेग आणि पंचाहत्तरीत घेतलेला तेवढाच पेग यांत दुसऱ्या वेळी रक्तातलं प्रमाण जास्त चढतं. झोपेच्या आणि चिंतेच्या बऱ्याच गोळ्या चरबीत साठतात, आणि तिचं कोठार आता मोठं झालेलं असतं. यकृताचा औषध मोडण्याचा वेग मंदावतो, मूत्रपिंडाचा बाहेर टाकण्याचा वेगही. डायझेपाम ही जुनी, सर्वपरिचित गोळी घ्या. तिची रक्तातली पातळी निम्म्यावर यायला विशीतल्या माणसात साधारण २० तास लागतात, तर ऐंशीच्या घरात ९० तासांच्या आसपास, म्हणजे जवळपास चार दिवस. रोज रात्री एक गोळी घेणाऱ्या आजोबांच्या अंगात आजची गोळी एकटी नसते. परवाची, तेरवाची, त्याच्या आधीचीही शिल्लक असते. दिवसाढवळ्या पेंगणं, पाय घसरणं, बोलताना शब्द न सापडणं हा त्या शिलकीचा परिणाम असू शकतो आणि घरात त्याला ‘म्हातारपण’ म्हटलं जातं.

पडणं, विसरणं, चिडचिड, भूक मरणं, वजन उतरणं, झोपेचं तंत्र बिघडणं, आंघोळीचा कंटाळा. या यादीतली प्रत्येक गोष्ट वयाच्या खात्यावर टाकता येते. डॉक्टरही टाकतात. म्हणून अमेरिकेतल्या व्यसनोपचाराच्या सरकारी मार्गदर्शिकेने १९९८मध्येच सांगितलं होतं की साठी गाठलेल्या प्रत्येकाला, संशय असो वा नसो, नेहमीच्या तपासणीत दारू आणि औषधांबद्दल विचारावं. आपल्याकडे साखर आणि रक्तदाब दर भेटीला बघितला जातो. त्यात दोन मिनिटांचे हे प्रश्न का बसू नयेत, याचं पटणारं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

‘फक्त एकच पेग’चा हिशेब

दारूची मात्रा ग्लासात मोजून कळत नाही, ती शुद्ध अल्कोहोलच्या ग्रॅममध्ये मोजायची. आपल्याकडची व्हिस्की, रम, ब्रँडी साधारण ४२.८ टक्के असते. तिच्या ३० मिलिलिटरमध्ये सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल येतं. ६० मिलिलिटरचा एक पेग म्हणजे २० ग्रॅम, आणि १८०ची क्वार्टर म्हणजे ६० ग्रॅम. स्ट्राँग बिअरची मोठी, ६५० मिलिलिटरची बाटली आठ टक्क्यांची असेल तर तिच्यात ४० ग्रॅम असतं. ‘मी आता फक्त बिअर घेतो’ असं सांगणारे काका दोन पेगांइतकी दारू पीत असतात.

आता मर्यादा. अमेरिकेतल्या दारूविषयक राष्ट्रीय संशोधन संस्थेने ६५च्या पुढच्या, निरोगी आणि कुठलंही औषध चालू नसलेल्या माणसासाठी आठवड्याला जास्तीत जास्त ७ ड्रिंक ही मर्यादा अनेक वर्षं सांगितली. त्यांचं एक ड्रिंक १४ ग्रॅमचं. म्हणजे आठवड्याला ९८ ग्रॅम. आपले काका रोज ‘फक्त एकच’ साठचा पेग घेतात. सात वेळा वीस, १४० ग्रॅम. रोज एक पेग घेणारा सभ्य, शिस्तीचा माणूस त्या मर्यादेच्या जवळपास दीडपट पीत असतो, तेही घरचा पेग मापानेच ओतला जातो असं धरून. शिवाय ती मर्यादा औषधं न घेणाऱ्यासाठी होती. सत्तरीत एकही गोळी चालू नाही असा माणूस आपल्या ओळखीत किती जण दाखवू शकतील? जागतिक आरोग्य संघटनेने तर जानेवारी २०२३मध्ये स्पष्ट सांगितलं की आरोग्याला सुरक्षित अशी दारूची कुठलीच पातळी नाही. ‘हृदयाला चांगली असते’ आणि ‘थंडीत चमचाभर ब्रँडी’ या दोन्ही समजुतींना आता सुट्टी द्यायला हवी.

खरी काळजी मात्र दारू आणि औषध एकत्र येतात तेव्हाची. ग्लिमेपिराइडसारखी साखरेची गोळी आणि उपाशीपोटी दारू: रात्री साखर धोकादायकरीत्या उतरू शकते, आणि घाम येऊन गळून गेलेला माणूस ‘जास्त झाली’ म्हणून झोपू दिला जातो. रक्त पातळ करणारी गोळी किंवा ॲस्पिरिन आणि दारू: पोटात रक्तस्राव. रक्तदाबाची गोळी आणि दारू: उठून उभं राहताना चक्कर. झोपेची गोळी आणि दारू: श्वास मंदावणं, झोपेतच मृत्यूपर्यंत. शेवटची जोडी सगळ्यात घातक आणि सगळ्यात सहज घडणारी. संध्याकाळी पेग, जेवण, आणि अकरा वाजता ‘आठवणीने’ गोळी.

उतारवयात दारूचा त्रास असलेल्यांत साधारण दोन-तृतीयांश लोकांचं पिणं तरुणपणापासूनचं असतं. उरलेल्या एक-तृतीयांश लोकांचं पिणं उशिरा, निवृत्तीनंतर, जोडीदार गेल्यावर, मुलं परगावी किंवा परदेशी गेल्यावर वाढलेलं असतं. घरच्यांना धक्का बसतो तो या दुसऱ्या गटामुळे, कारण ‘आयुष्यभर शिस्तीत राहिले हो’. दिलासा एवढाच की हा गट उपचारांना चांगला प्रतिसाद देतो. वेळीच लक्षात आलं तर.

झोपेची गोळी: चिठ्ठीवरचं व्यसन

दारूबद्दल निदान लोक बोलतात. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम यांच्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण त्या डॉक्टरांनी दिलेल्या असतात. मध्यमवर्गीय मराठी घरातल्या वृद्ध स्त्रियांचा विचार केला तर मला दारूपेक्षा या गोळ्यांची जास्त चिंता वाटते.

सुरुवात नेहमी रास्त असते. यजमान गेले, रात्र रात्र डोळा लागत नाही. डॉक्टर ०.२५ मिलिग्रॅमची गोळी पंधरा दिवसांसाठी देतात. झोप येते. पंधरा दिवस संपतात, चिठ्ठी संपत नाही. ओळखीचा केमिस्ट स्ट्रिप घरपोच पाठवतो. सहा महिन्यांनी ०.२५ची ०.५ होते. दोन वर्षांनी एखाद्या रात्री गोळी चुकली की छातीत धडधड, घाम, डोळा टक्क उघडा. आजींना वाटतं, बघा, गोळीशिवाय मला झोपच येत नाही, म्हणजे माझा आजार अजून आहे. तो आजार आता गोळी सुटल्याचा आहे. यात नशेची हौस नाही, लपवाछपवी नाही, मात्राही त्यानंतर वाढलेली नाही. तरी शरीर गोळीवर अवलंबून आहे आणि धोका पूर्ण आहे.

फायदा-तोट्याचं गणित काय सांगतं? साठीपुढच्या लोकांना झोपेच्या गोळ्या देऊन झालेल्या चाचण्यांचा एकत्रित अभ्यास २००५मध्ये एका नामवंत ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला. एका माणसाची झोप सुधारायला १३ जणांना गोळी द्यावी लागत होती, आणि एकाला त्रास व्हायला ६ जण पुरत होते. म्हणजे फायद्यापेक्षा त्रासाची शक्यता दुपटीहून जास्त. या वर्गातल्या गोळ्यांनी खुब्याचं हाड मोडण्याची शक्यता साधारण दीडपट होते. अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांच्या संघटनेची एक यादी आहे, डॉक्टर मार्क बिअर्स यांच्या नावाने ओळखली जाणारी, १९९१मध्ये सुरू झालेली आणि २०२३मध्ये पुन्हा सुधारलेली. ६५च्या पुढच्यांना शक्यतो देऊ नयेत अशी औषधं तिच्यात आहेत आणि झोपेच्या गोळ्या तिथे ठळक आहेत.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम, ट्रामाडॉल, कोडीन ही औषधं ‘शेड्यूल एच-१’मध्ये आहेत. २०१४पासून हा नियम लागू आहे: डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्री नाही, वेष्टणावर लाल चौकटीतली सूचना, आणि दुकानदाराने विक्रीची नोंद तीन वर्षं जपायची. घरातल्या स्ट्रिपवर ही लाल चौकट शोधा. ती दिसली की त्या गोळीबद्दल तीन गोष्टी कळायला हव्यात: कुणी दिली, कधी दिली, किती दिवसांसाठी दिली. तिसऱ्याचं उत्तर बहुतेक घरांत कुणालाच माहीत नसतं.

दुखण्याच्या गोळ्यांचं तसंच. गुडघे, कंबर, मणका. पॅरासिटामॉलसोबत ट्रामाडॉल असलेली गोळी खूप ठिकाणी दिली जाते आणि अनेकांना ती ‘साधी दुखण्याची गोळी’ वाटते. ट्रामाडॉल अफूच्या कुळातल्या औषधांसारखं काम करतं. २०१८मध्ये ते अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आणलं गेलं. मुंग्या येतात, आग होते म्हणून दिलेलं प्रीगाबालिन आणि हे ट्रामाडॉल आणि रात्रीची अल्प्राझोलाम, तीन वेगळ्या डॉक्टरांकडून आलेल्या तीन गोळ्या एकाच आजींच्या डबीत भेटतात. प्रत्येक डॉक्टरने आपापलं बरोबरच केलेलं असतं.

एक बारीकशी पण नेहमी घडणारी गोष्ट इथेच सांगते. आईवडील सहा महिने मुलाकडे अमेरिकेत किंवा दुबईत जातात तेव्हा गोळ्या मोजून नेतात आणि मुक्काम वाढला की त्या संपतात. तिथे सहजी मिळत नाहीत. आठवड्याच्या आत आई अस्वस्थ, थरथरणारी, रात्रभर जागी. सगळ्यांना वाटतं परका देश मानवला नाही. बॅग भरतानाच ही गोळी डॉक्टरांना दाखवली पाहिजे.

मिश्री आणि तंबाखू

याबद्दल थोडक्यात, कारण तोटा सगळ्यांना माहीत आहे. २०१६-१७च्या प्रौढांच्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, आणि त्यांत ओढणाऱ्यांपेक्षा खाणारे-लावणारे कितीतरी जास्त. प्रश्न कसा विचारायचा एवढंच महत्त्वाचं. गावाकडच्या आजींना ‘तंबाखू खाता का?’ विचारलं तर त्या खरेपणाने ‘नाही’ म्हणतील. ‘मिश्री लावता का, दिवसातून किती वेळा?’ विचारलं तर ‘चार वेळा’ असं उत्तर येईल. ‘त्याशिवाय पोट साफ होत नाही’ हेही ऐकायला मिळेल. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, कवळी अचानक न बसणं हे दिसलं तर त्याच दिवशी दाखवायचं.

मोजण्याची साधनं, आणि त्यांच्या उणिवा

डॉक्टरांकडे यासाठी तयार प्रश्नावल्या आहेत. त्या सगळ्या वृद्धांना सारख्या लागू पडत नाहीत, हे माहीत असलेलं बरं.

सगळ्यात छोटी आहे चार प्रश्नांची ‘केज’. ती १९८४मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकातून सर्वत्र पोचली. पिणं कमी करावंसं वाटलं का, लोकांच्या बोलण्याचा राग आला का, अपराधी वाटलं का, सकाळी उठल्या उठल्या घ्यावी लागली का. दोन ‘हो’ म्हणजे पुढे तपासा. पण ती किती पितात हे विचारत नाही, आणि जुनं पिणं व आत्ताचं पिणं यांत फरक करत नाही. वीस वर्षांपूर्वी सोडलेला माणूस तिच्यात अडकतो आणि रोज शांतपणे दोन पेग घेणारा, कसलीच खंत नसलेला माणूस सुटतो.

जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ दहा प्रश्नांची आहे, गुण शून्य ते ४०. आठ किंवा जास्त गुण म्हणजे धोका, पण ६५च्या पुढच्यांसाठी ही रेघ सातवर आणावी असं तिच्या मार्गदर्शिकेतच सुचवलं आहे. तिचे पहिले तीन प्रश्न (किती वेळा, एका बैठकीत किती, खूप जास्त कितीदा) वेळ नसेल तेव्हा एकटेही वापरतात.

मला सगळ्यात उपयोगी वाटते ती मिशिगन विद्यापीठात खास वृद्धांसाठी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तयार झालेली प्रश्नावली. मूळ २४ प्रश्नांची. पाच ‘हो’ आले की पुढची तपासणी. छोटी आवृत्ती दहा प्रश्नांची, तिथे दोन पुरतात. तिचं वेगळेपण असं की ती म्हाताऱ्या माणसाच्या दिवसात शिरते: एखाद-दोन घेतल्यावर जेवण टळतं का, हाताची थरथर घेतल्यावर थांबते का, दिवसाचा एखादा तुकडा आठवत नाही असं होतं का, कुणी जवळचं गेल्यानंतर पिणं वाढलं का, एकटं वाटलं की घेतल्याने बरं वाटतं का. यातला एकही प्रश्न अपमानकारक नाही. विचारताना समोरच्याचा चेहरा पडत नाही.

उलट उदाहरणही पाहू. अफूजन्य वेदनाशामकं सुरू करण्याआधी धोका मोजायला २००५मध्ये आलेलं एक साधन खूप वापरलं जातं. त्यात १६ ते ४५ या वयाला गुण मिळतात, त्यापुढच्या वयाला काहीच नाही. तरुण जास्त आहारी जातात हे खरं, पण त्या कागदावर पंचाहत्तरीच्या आजी अगदी सुरक्षित ठरतात. त्या पडतील, बद्धकोष्ठाने बेजार होतील, झोपेच्या गोळीसोबत ती गोळी घेऊन श्वास मंदावेल, हे तो कागद मोजतच नाही. म्हणून नुसत्या गुणांवर विसंबू नये.

गुणांच्या पलीकडचं मोजमाप घरात होतं, तेही एका कापडी पिशवीने. घरातली प्रत्येक गोळी, सिरप, मलम, चूर्ण, काढा, शेजाऱ्याने दिलेली स्ट्रिप, उशीखालची, देवघराच्या खणातली, पर्समधली, सगळं एका पिशवीत भरायचं आणि डॉक्टरांसमोर ओतायचं. यादी करून नेऊ नका, कारण यादीत आपल्याला ‘औषध’ वाटतं तेवढंच येतं. खोकल्याचं सिरप, सर्दीची गुंगी आणणारी गोळी, ‘ताकदीचं’ म्हणून घेतलेलं आसव हे पिशवीतच सापडतं. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी दोनदा चालू असल्याचंही तिथेच कळतं. स्ट्रिपवरची तारीख आणि उरलेल्या गोळ्या मोजल्या की रोज किती जातात तेही उमगतं.

मग डॉक्टर त्यावर बाकीच्या गोष्टी चढवतात. गेल्या वर्षभरात पडणं झालं का. स्मरणशक्तीची छोटी चाचणी. उदासीनतेचे प्रश्न, कारण वृद्धांत दारू आणि नैराश्य एकत्र असणं म्हणजे आत्महत्येचा धोका वाढलेला. यकृताच्या तपासण्या, लाल पेशींचा आकार; रक्त एकट्याने काही सिद्ध करत नाही, पण बोलण्याला दुजोरा देतं. मूत्रपिंडाचं काम. घरी कोण आहे, रात्री कोण आहे. गोळ्या कोण आणतं. माणूस जर स्मृतिभ्रंशाच्या तपासणीसाठी आला असेल तर आधी हे सगळं व्हायलाच हवं. गोळ्यांमुळे आलेलं विसरणं बऱ्याच प्रमाणात परत फिरू शकतं, आणि त्यावर स्मृतिभ्रंशाचा शिक्का बसला की पुन्हा कुणी मागे वळून बघत नाही.

विचारायचं कसं

एकट्यात. सुनेसमोर, नातवंडांसमोर, नवऱ्यासमोर नाही. आजी डॉक्टरांकडे एकट्या कधी बसतच नाहीत, सोबत आलेला मुलगा त्यांच्या वतीने उत्तरं देतो. त्याला पाच मिनिटं बाहेर पाठवणं हे डॉक्टरांचं काम आहे.

दारूपासून सुरुवात करू नका, झोपेपासून करा. ‘रात्री झोप कशी लागते? त्यासाठी काही घ्यावं लागतं का?’ या एका प्रश्नाला गोळी, पेग, बाम, जप, सगळी उत्तरं येतात. नंतर ‘बाबा, संध्याकाळी किती घेता?’ असं सरळ विचारा. ‘घेता का?’ विचारलं की ‘छे छे’ म्हणून विषय मिटतो. ‘किती’ विचारलं की आकडा येतो, आणि न घेणारा ‘मी घेतच नाही’ असं सांगतोच. ‘व्यसन’ हा शब्द पहिल्या बोलण्यात टाळाच. पडण्याच्या भीतीबद्दल बोला, विसरण्याबद्दल बोला, त्या गोष्टी त्यांनाही सलत असतात.

मुलांचं एक वाक्य फार ऐकू येतं: ‘आता या वयात कशाला अडवायचं, राहिलेत किती दिवस.’ त्यामागे माया आहे हे मला कळतं. पण सत्तरीच्या माणसापुढे आज दहा-पंधरा वर्षं असू शकतात, आणि ती चालत-फिरत जातील की खुबा मोडून अंथरुणात जातील, यात या गोळीचा आणि पेगचा वाटा आहे. शिवाय म्हातारी माणसं सुधारत नाहीत हा समजच चुकीचा आहे. उपचार सुरू केले तर ती तरुणांइतकीच, पुष्कळदा जास्त चिकाटीने टिकतात.

कळल्यावर लगेच काय करू नये

बाटली ओतून टाकू नका. स्ट्रिप कचऱ्यात टाकू नका. रागाने केलेल्या या दोन गोष्टींनी जीव जाऊ शकतो.

रोज पिणाऱ्याची दारू अचानक बंद झाली की सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान तो भ्रम येऊ शकतो, जो दवाखान्यात आटोक्यात येतो आणि घरी जीवघेणा ठरतो. वृद्धांत हे जास्त तीव्र असतं. झोपेच्या गोळीचंही तसंच: वर्षानुवर्षांची गोळी एकदम तोडली तर फिट येऊ शकते. ती डॉक्टरांच्या देखरेखीत, आठवड्यांच्या आणि कधी महिन्यांच्या हिशेबाने, थोडी थोडी उतरवायची असते. मध्ये एखाद्या टप्प्यावर थांबावं लागतं, त्यात हार मानण्यासारखं काही नाही. कुठलंही ऑपरेशन ठरलं असेल तर भूलतज्ज्ञांना दारू आणि गोळीबद्दल खरा आकडा सांगायचा. तिथे संकोच नको.

गोळी उतरवणं जमतं का? कॅनडात माँट्रिअल परिसरातल्या औषध दुकानांच्या मदतीने झालेला, २०१४मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग यासाठी सांगण्यासारखा आहे. ६५च्या पुढच्या, दीर्घकाळ गोळी घेणाऱ्या ३०३ लोकांपैकी काहींना फक्त एक माहितीपत्रक घरपोच पाठवलं. गोळीचे धोके साध्या भाषेत, आणि ती हळूहळू कशी कमी करायची याचं चित्रमय वेळापत्रक, डॉक्टर किंवा औषधविक्रेत्याशी बोलून पुढे जा अशा सूचनेसह. सहा महिन्यांनी त्यांतल्या २७ टक्के लोकांची गोळी पूर्ण सुटली होती. पत्रक न मिळालेल्यांत ५ टक्के. कुणी दटावलं नव्हतं, कुणी स्ट्रिप लपवली नव्हती. म्हाताऱ्या माणसांना कुणीतरी नीट समजावून सांगितलं होतं.

मदत कुठे मिळते? २०१९मध्ये केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत असं दिसलं की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठला तरी उपचार मिळतो. तेव्हा पहिला फोन आपल्यालाच करावा लागणार. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. मानसिक आरोग्यासाठी ‘टेलिमानस’ १४४१६, तिथे मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांची एल्डरलाइन १४५६७. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६. पुण्यातलं मुक्तांगण १९८६पासून हे काम करत आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा महाराष्ट्रात अनेक ठिकाणी मराठीत चालतात, त्यांना पैसे पडत नाहीत. जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञाची ओपीडी असते. वय जास्त असेल, हृदयाचा किंवा यकृताचा आजार असेल, पूर्वी कधी फिट आली असेल, तर दारू सोडवण्याचे पहिले दिवस रुग्णालयातच काढावेत. केंद्रात दाखल करण्याआधी तिथे रात्री डॉक्टर असतात का, हे विचारून घ्या.

पहिल्या भेटीला जाताना पिशवी सोबत न्या. एका कागदावर गेल्या आठवड्याचं रोजचं लिहून न्या: किती वाजता काय घेतलं, किती घेतलं, किती वाजता झोप लागली, कधी तोल गेला. आधी आई-बाबांना स्वतः लिहू द्या. तुमचा अंदाज वेगळा असेल तर तो वेगळ्या कागदावर लिहून डॉक्टरांना द्या, त्यांच्यासमोर खोडू नका.